झाडांचा सातबारा

१६७८ साली अॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या एका लॅटिन पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत देवनागरी अक्षरं आहेत. वळण जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले, आणि भाषा कोकणी. मराठी वाचणाऱ्याला अक्षरं लागतात, मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटतो, आणि पुढच्या ओळीला पुन्हा अडखळायला होतं. ही अक्षरं खिळे जुळवून छापलेली नाहीत. हाताने लिहिलेल्या मजकुराची नक्कल तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उतरवली आहे. युरोपात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या देवनागरीत त्याची गणना होते. त्याआधीचं ठळक उदाहरण म्हणजे १६६७ चं किर्शरचं चीनवरचं पुस्तक.

या पुस्तकाचं नाव 'होर्टुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारची बाग. बारा खंड, सुमारे ७४० वनस्पती, आठशेच्या आसपास मोठी चित्रं. छपाई १६७८ ते १६९३ अशी पंधरा वर्षं चालली. आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर ते मोबाइलवरसुद्धा बघता येतं. त्या देवनागरी मजकुराखाली तीन नावं आहेत: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बॉटनीशी माझा संबंध बारावीनंतर संपला. पण डेटाबेसमध्ये एखादी नोंद कुणी केली, कशाच्या आधारावर केली आणि नंतर कुणी बदलली, हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून मला या पुस्तकातल्या झाडांपेक्षा आधी या तीन सह्यांनी धरून ठेवलं. झाडांच्या पुस्तकात सह्या कशाला?

'नवी प्रजाती' म्हणजे नेमकं काय

'सह्याद्रीत नवी वनस्पती सापडली' अशी बातमी आपण दर दोन-चार महिन्यांनी वाचतो. २०२३ मध्ये विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाची अशीच बातमी होती. शिवाजी महाराजांच्या नावावरून त्याचं नाव 'सेरोपेजिया शिवरायिआना' ठेवलं गेलं. वाचताना वाटतं, जणू ते झाड कालपर्यंत नव्हतंच. झाड होतं. गुरं वळणाऱ्या कुणीतरी ते पाहिलंही असणार. नवी असते ती नोंद.

ही नोंद करण्याचे नियम आहेत आणि ते चांगलेच कडक आहेत. वनस्पती, शेवाळं आणि बुरशी या सगळ्यांसाठी एकच आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. नाव आधी कुणी वापरलेलं नसावं, वर्णन प्रसिद्ध झालेलं असावं, आणि त्या नावाला एक 'टाइप' जोडलेला असावा. टाइप म्हणजे बहुतेक वेळा वाळवून कागदावर चिकटवलेला एक नमुना. कुठे, कधी, कुणी गोळा केला ते लिहून तो एखाद्या हर्बेरियममध्ये कायमचा ठेवलेला असतो. टाइप हा त्या प्रजातीचा सर्वोत्तम किंवा सरासरी नमुना असायलाच हवा असं नाही. गावाच्या हद्दीचा दगड सुंदर असण्याची गरज नसते, तो जागचा हलता कामा नये एवढंच. टाइपचंही तसंच आहे. उद्या वाद झाला की हे नाव नक्की कोणत्या झाडाचं, तर सगळे त्या एका कागदापाशी परत येतात.

काही नियम तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत बदलले. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच देणं सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजी चालतं, आणि फक्त ऑनलाइन छापलेला शोधनिबंधही चालतो. बुरशीच्या बाबतीत २०१३ पासून एक अट वाढली. नव्या नावासाठी मायकोबँकसारख्या मान्यताप्राप्त नोंदवहीतून आधी एक ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नंबर नाही तर नाव नाही. डेटाबेसवाल्या माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं वाटतं.

झाडाचं शास्त्रीय नाव मला सातबाऱ्यासारखं दिसतं. जमीन आधीपासून असते, उतारा नंतर येतो. उताऱ्यावर फेरफार होत राहतात. आपल्या करंजाचंच बघा. १७५३ मध्ये लिनियसने त्याला 'सायटिसस पिनाटस' म्हटलं. पुढे तो 'पोंगामिया पिनाटा' झाला, विसाव्या शतकाच्या शेवटी काहींनी त्याला 'मिलेटिया'त टाकलं, आणि आता क्यूच्या यादीत तो पुन्हा पोंगामिया आहे. झाड रस्त्याकडेला तसंच उभं आहे. गंमत म्हणजे 'पोंगामिया' हा शब्द लॅटिन नाहीच. तो मल्याळम 'पोंगम'वरून आला आहे, आणि युरोपला तो कळला या मलबारच्या बागेतून.

कोचीचा कमांडर

हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडचा जन्म १६३६ चा, अॅमस्टरडॅमचा. विशीत तो डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाईगिरीला लागला. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं, त्या लढाईत तो होता. काही वर्षांनी तो मलबारचा कमांडर झाला आणि १६७७ पर्यंत तिथे राहिला.

तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता आणि त्याचा हेतूही शुद्ध ज्ञानाचा नव्हता. कंपनीचं या भागातलं मुख्य ठाणं कोलंबो असावं की कोची, यावरून त्याचं वरिष्ठांशी भांडण होतं. मलबारची जमीन किती संपन्न आहे हे पुराव्यानिशी दाखवलं तर त्याची बाजू भक्कम होणार होती. दुसरं कारण औषधांचं. कंपनी आपल्या माणसांसाठी युरोपातून महागडी औषधं मागवत होती, आणि त्यातली कित्येक मुळात पूर्वेकडूनच व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात गेलेली असत. म्हणजे आपल्याच परसातली वस्तू जगाला फेरी मारून दुप्पट भावाने परत येत होती. मग ती इथेच का ओळखू नये?

ओळखायची कशी, हा खरा प्रश्न होता. याआधी शंभरेक वर्षं गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहून १५६३ मध्ये गोव्यातच छापलं होतं. तो अनुभवी होता, हुशार होता, पण पुस्तक संवादाच्या रूपात आणि चित्रांशिवाय. वाचणाऱ्याने शब्दांवर विश्वास ठेवायचा. ऱ्हीडने उलटं केलं. झाड आणायचं, चितारायचं, आणि ज्याला ते माहीत आहे त्याला बसवून विचारायचं.

साखळी

ज्याला माहीत होतं, त्याचं नाव इट्टी अच्युतन. आजच्या चेर्तला भागातल्या कोल्लाट घराण्यातला एळवा वैद्य. एळवा समाज तेव्हाच्या केरळच्या जातिव्यवस्थेत खालच्या पायरीवर ढकललेला होता, पण या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वैद्यकी होती आणि औषधांची लिखित पोथी होती.

अच्युतन कोचीच्या किल्ल्यात येऊन सांगत असे. इमॅन्युएल कार्नेरो हा दुभाषी ते उतरवून घेई. मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, आणि पुढे लॅटिनमध्ये असा मजकूर सरकत जाई. सुरुवातीच्या खंडांचं लॅटिन योहानेस कासेआरियस या धर्मोपदेशकाने घडवलं. तरुणपणी तो तत्त्वज्ञ स्पिनोझाकडे शिकला होता. मग कागद जहाजाने हॉलंडला. तिथे लायडनचे प्राध्यापक आर्नोल्ड सायेन यांनी पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या. त्यांच्यानंतर हे काम यान कॉमेलिन यांनी पुढे नेलं.

एका झाडाबद्दलचं एक वाक्य इतक्या हातांतून जाताना काय काय होऊ शकतं, याची कल्पना ज्याने एकदा तरी क्लायंट ते मॅनेजर ते टीम असा निरोप ऐकला आहे त्याला असेल. ऱ्हीडलाही होती. म्हणून पहिल्या खंडातल्या चित्रांवर झाडाचं नाव एकाच लिपीत नाही. रोमनमध्ये आहे, मल्याळममध्ये आहे, अरबीत आहे आणि देवनागरीत कोकणी नाव आहे. उच्चाराची मोडतोड एका लिपीत झालीच, तर दुसरीकडे पडताळा घेता यावा.

आणि म्हणूनच त्या सह्या.

सह्या

एप्रिल १६७५. रायगडावरच्या राज्याभिषेकाला अजून वर्षही झालेलं नव्हतं. कोचीत तीन निवेदनं लिहिली गेली. एक कार्नेरोचं. एक अच्युतनचं, कोलेळुत्तु या जुन्या लिपीत. त्यात तो आपलं घराणं आणि गाव सांगतो, आणि म्हणतो की झाडं-वेलींची नावं आणि गुण आमच्या ग्रंथात आहेत व माझ्या अनुभवात आहेत तसे मी सांगितले. तिसरं निवेदन रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं.

हे तिघे गौड सारस्वत. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या, कोचीत स्थिरावलेल्या समाजातले. गोवा सुटलं तरी भाषा कोकणी आणि लिपी नागरी राहिली. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ बसून निघंटूच्या आधारे आपण हे काम केलं, असा त्यांच्या निवेदनाचा सारांश. निघंटू म्हणजे औषधी द्रव्यांची नावं आणि गुण सांगणारे आपल्याकडचे कोश.

ही निवेदनं मूळ लिपीत, त्यांच्याच हस्ताक्षराच्या वळणात, लॅटिन अनुवादासह पुस्तकात छापली गेली. मला ती पंचनाम्यासारखी वाटतात. काय पाहिलं ते वर लिहिलेलं, खाली पंचांच्या सह्या. ऱ्हीडने हे उदारपणाने केलं असं मी म्हणत नाही. युरोपातल्या वाचकाने 'हे सगळं कशावरून?' असं विचारलं तर पुढे करायला त्याला पुरावा हवा होता. पण त्या गरजेपोटी एक गोष्ट घडली जी वसाहतींच्या काळातल्या विज्ञानात फार क्वचित घडली: माहिती देणारा माणूस नावानिशी, गावानिशी, स्वतःच्या अक्षरात पुस्तकात राहिला. 'एका स्थानिक वैद्याच्या म्हणण्यानुसार' असा विरघळला नाही.

'एल.'

पुढची गोष्ट स्वीडनची. १७५३ मध्ये कार्ल लिनियसने 'स्पीशीज प्लांटारम' छापलं. तेव्हा माहीत असलेल्या सुमारे सहा हजार वनस्पतींना त्याने दोन शब्दांची नावं दिली, एक कुळीचं आणि एक प्रजातीचं. आजची नियमावली बहुतेक वनस्पतींच्या नावांची सुरुवात तिथूनच मोजते. त्याआधीची नावं, मग ती कितीही जुनी असोत, या वहीत धरली जात नाहीत.

लिनियस भारतात कधीच आला नाही. मलबारची झाडं त्याला कळली ती मुख्यतः ऱ्हीडच्या चित्रांतून. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर भरवसा ठेवायला तो सहसा तयार नसे, पण 'जेनेरा प्लांटारम'च्या प्रस्तावनेत त्याने जे मोजके अपवाद नोंदवले, त्यात ऱ्हीड आहे. आणि ऱ्हीडचे वाळवलेले नमुने आज उपलब्ध नसल्यामुळे काही झाडांच्या बाबतीत ते चित्रच टाइप ठरलं आहे. कोकणातला भेरली माड घ्या, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा. 'कॅरिओटा युरेन्स' हे नाव ज्या हद्दीच्या दगडाला बांधलं आहे, तो दगड म्हणजे पहिल्या खंडातलं 'चूंडप्पना'चं चित्र.

मल्याळम शब्द तर लॅटिन नावांत जागोजागी शिरले आहेत. वेलदोड्याचं 'एलेटारिया' त्या पुस्तकातल्या 'एलेत्तरी'वरून. 'इक्सोरा' हा बागेतल्या लाल फुलांच्या झुडपाचा शब्द म्हणजे पोर्तुगीज वळणाने लिहिलेला आपला ईश्वर. आणि चिकू! झाड अमेरिकेतलं, आपण ते घोलवड-डहाणूचं मानतो, आणि त्याचं शास्त्रीय नाव 'मॅनिलकारा झपोटा'. यातलं 'मॅनिलकारा' ऱ्हीडच्या पुस्तकातल्या मलबारी नावावरून. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याच्या चिकूलाही आज जगभर मल्याळम कुळनाव आहे.

शब्द राहिले, पण सांगणारे गळले. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. भेरली माडापुढे फक्त 'एल.' एवढंच असतं. एल. म्हणजे लिनियस. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे, कारण नोंद त्याने केली. आमच्याकडेही कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी चढवली त्याचं नाव दिसतं. ज्याने सहा महिने बसून मूळ प्रश्न समजावून सांगितला, त्याचं नाव त्या रकान्यात कधीच येत नाही. ते वेगळं लिहून ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर पुढच्या टीमला वाटतं, हे सगळं त्या एकाच्याच डोक्यातून आलं.

खुद्द ऱ्हीडच्या नावाचंही विशेष काही राहिलं नाही. लिनियसने त्याच्या सन्मानार्थ 'ऱ्हीडिया' ही कुळी केली होती. पुढे ती 'गार्सिनिया'त विलीन झाली, म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळीत. हाताएवढ्या लांब शेंगा येणाऱ्या गारंबीच्या शास्त्रीय नावात मात्र तो अजून आहे. माणूस स्वतः १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला जाताना जहाजावर वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आहे. शेवटचे खंड त्याच्यामागे छापून झाले.

ज्यांच्या सह्या नाहीत

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण सह्यांचं पान पुन्हा बघितलं की प्रश्न पडतो: चूंडप्पनाच्या शेंड्यावर कोण चढलं?

रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ मध्ये 'ग्रीन इम्पिरियलिझम' या पुस्तकात मांडलं की ऱ्हीडच्या ग्रंथाची खरी ताकद संस्कृत पोथ्यांत नव्हती. ती होती एळवा वैद्यांच्या आणि रानात राबणाऱ्या माणसांच्या ज्ञानात. पोथीतलं नाव कोणत्या झाडाचं, हे ओळखायला ब्राह्मण पंडितांनासुद्धा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या नोकरांचा आधार लागत होता. ग्रोव्ह त्याही पुढे जाऊन म्हणतो की झाडांची कुळं लावण्याची एळवा पद्धत या ग्रंथातून लिनियसपर्यंत पोचली. हे शेवटचं विधान अनेक अभ्यासकांना जास्त वाटतं. पण पहिला मुद्दा झटकता येत नाही. चित्रात फूल आहे, फळ आहे, फळाचा छेद आहे. ते ताजं असतानाच चित्रकारासमोर कुणीतरी आणलं होतं. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाला काय लागतं, हे त्या माणसाला माहीत होतं. त्याला सही येत नव्हती, किंवा त्याची सही घ्यावी असं कुणाला वाटलं नाही. जगातल्या सर्वांत प्रामाणिक म्हणाव्या अशा पंचनाम्यातसुद्धा हा रकाना रिकामा आहे.

हा रकाना थोडाफार भरला तो फार नंतर, हर्बेरियमच्या लेबलवर. तिथे गोळा करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले न. भा. रानडे आंबा घाटात फिरले, म्हणून १८९४ मध्ये तिथल्या एका दुर्मिळ झुडपाला 'अब्युटिलॉन रानडेई' हे नाव मिळालं. आपण तिला सोनघंटा म्हणतो. नाव देणारे वूड्रो आणि स्टाफ, पण रानडे नावातच बसले.

घाई

हे सगळं जुनं उकरून काढायचं कारण आजचं आहे. क्यू गार्डन्सच्या २०२३ च्या अहवालानुसार ज्यांची अजून नोंदच झालेली नाही अशा वनस्पतींपैकी चारातल्या तीन आधीच नामशेष होण्याच्या वाटेवर असाव्यात. बुरशीचं चित्र आणखी धूसर आहे. अंदाजे पंचवीस लाख प्रजातींपैकी दहा टक्क्यांहून कमी नोंदल्या गेल्या आहेत. नाव नसेल तर धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नसेल तर खाण किंवा रस्ता अडवायला कागद नाही. सातबारा नसलेल्या माणसाची जमीन कशी जाते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून नोंद भराभर व्हायला हवी यात शंका नाही.

पण घाईत पहिल्यांदा गळतो तो सांगणाऱ्याचा रकाना. वाटाड्या, गुराखी, रानभाजी विकणारी बाई, त्यांनी वापरलेलं नाव आणि तो वापर. नियमावली हे मागत नाही, आणि जे सक्तीचं नाही ते फॉर्ममध्ये रिकामं राहतं हे मी नोकरीत रोज बघतो. तरी ही नियमावली दगडावरची रेघ नाही. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या काँग्रेसमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी मतदान करून एक वांशिक शिवी असलेलं विशेषण दोनशेहून अधिक नावांतून बदलायचं ठरवलं. नावात कुणाचा अपमान आहे का, हे विचारता येतं, तर नोंदीत कुणाचं नाव राहिलं, हेही विचारता येईल.

केरळमध्ये एका माणसाने हे काम आपल्या परीने केलं. कालिकत विद्यापीठातले के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक दशकं या बारा खंडांना दिली. ऱ्हीडच्या चित्रांतली जवळपास सगळी झाडं त्यांनी पुन्हा रानात जाऊन शोधली, आजच्या नावांशी जुळवली, आणि मूळ लॅटिनमधून इंग्रजी अनुवाद केला. तो २००३ मध्ये आला, पहिल्या खंडानंतर तीनशे पंचवीस वर्षांनी. मल्याळम अनुवाद २००८ मध्ये. इट्टी अच्युतनने जे मल्याळममध्ये सांगितलं, ते मल्याळी वाचकाच्या हातात पोर्तुगीज, लॅटिन आणि इंग्रजी अशी फेरी मारून परत आलं. अगदी त्या महागड्या औषधांसारखं. मणिलाल १ जानेवारी २०२५ रोजी गेले.

पुढच्या वेळी 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी फोनवर आली तर फोटोच्या खाली थोडं वाचा. टाइप कुठे ठेवला आहे, गोळा कुणी केला, आणि त्या गावात त्या झाडाला काय म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत बहुधा नसेल. ते तुमच्या आजीला किंवा गावाकडच्या कुणाला माहीत असेल, तर विचारून नावासकट लिहून ठेवा.